हन्ना नावाचा अर्थ काय, आणि हे नाव फिरत फिरत गोव्यात कसं आलं

मुलीसाठी नाव शोधताना 'हन्ना' समोर आलं की बाजूला एवढंच लिहिलेलं असतं, "मूळ हिब्रू, अर्थ कृपा", आणि विषय संपला. चुकीचं नाहीये ते. पण तेवढ्यावरच थांबलं तर या नावामागची बाईच आपल्याला भेटत नाही, आणि ती भेटायला हवी, कारण गेली दोन हजारांहून जास्त वर्षं लोक आपल्या लेकींना हे नाव ठेवतायत ते कृपा या अर्थापेक्षाही त्या बाईमुळे, असं माझं स्पष्ट मत आहे. मला हे नाव मनापासून आवडतं, म्हणून त्याबद्दल जे वाचलंय ते जमेल तितकं सोपं करून लिहिते.

आधी शब्दाचं बघू. हिब्रू आणि अरबी या एकाच कुटुंबातल्या भाषा, आणि त्यांच्यात बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात, मधले स्वर बदलले की नवा शब्द तयार होतो. आपल्याला माहितीचं उदाहरण म्हणजे अरबीतला क-त-ब, त्यातून किताब, कातिब, मकतब. तसा हिब्रूत ह-न-न असा धातू आहे, कुणावर मेहेरनजर करणं, समोरच्याचा हक्क नसताना, त्यानं काही कमावलेलं नसतानाही त्याला आपणहून देणं, असा त्याचा अर्थ. त्यातून 'हेन' हा शब्द येतो, म्हणजे कृपा, मर्जी, आणि कधीकधी एखाद्याच्या वागण्याबोलण्यातला गोडवाही. आणि त्यातूनच हन्ना. हा 'हेन' शब्द लक्षात ठेवा, पुढे गोष्टीत तो एकदा मोक्याच्या जागी येतो.

उच्चाराची भानगड इथेच मिटवून टाकते. हिब्रूत हे नाव तीनच अक्षरांत लिहितात, हेत, नून आणि हे. यातलं पहिलं जे हेत ते आपल्या साध्या ह सारखं नाही, घशाच्या बरंच आतून येतं, येमेन-इराककडच्या ज्यूंच्या तोंडी ते तसंच ऐकू येतं. युरोपातले ज्यू मात्र त्याचा उच्चार ख कडे झुकणारा करत आले आणि आजच्या इस्रायलमध्ये तोच सर्रास चालतो. म्हणून रोमन लिपीत हे नाव कुणी एच नं सुरू करतं तर कुणी सीएच नं, आणि ते सीएच वालं स्पेलिंग बघून आपल्याकडे 'चाना' वाचलं जातं, तसं वाचायचं नाही, तीही हन्नाच.

याच धातूतून आलेलं कुटुंब किती मोठं आहे ते बघितलं की थक्क व्हायला होतं. योहानान हे पुरुषाचं नाव, 'यहोवानं कृपा केली' असा त्याचा अर्थ, तेच पुढे ग्रीक-लॅटिनमधून जाऊन इंग्लंडात जॉन झालं, रशियात इव्हान, स्पेनमध्ये हुआन, इटलीत जोव्हानी आणि पोर्तुगालमधून गोव्यात येऊन जुआंव. जोहाना, जोन, जेन ही सगळी बायकांची नावं त्याच योहानानवरून. रोमला घाम फोडणारा कार्थेजचा सेनापती हॅनिबल, त्याचं नाव हिब्रूच्या बहिणीसारख्या फिनिशियन भाषेतलं, 'बआल देवानं कृपा केली', म्हणजे धातू तोच, फक्त देव वेगळा. आणि लेबनॉन-सीरियातल्या ख्रिश्चनांमध्ये हन्ना हे चक्क पुरुषाचं नाव असतं, ते योहानाचं छोटं रूप.

उलट काही नावं अगदी सारखी ऐकू येतात पण त्यांचा हिच्याशी काही संबंध नाही. अरबीतलं हना हे आनंद-समाधान या अर्थाचं, वेगळ्या धातूचं. जपानी हाना म्हणजे फूल. ज्यूंचा हनुक्का हा दिव्यांचा सण ह-न-क या धातूवरून, अर्थ समर्पण. आणि आपले अण्णा तर पूर्णपणे दक्षिणेकडचे.

आता मूळ गोष्ट. बायबलच्या जुन्या करारात शमुवेलाची दोन पुस्तकं आहेत, त्यातलं पहिलं पुस्तक सुरू होतं तेच या बाईपासून. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण हे पुस्तक पुढे सगळं राजेलोकांचं, लढायांचं आहे, शौल राजा कसा झाला, दाविदानं गल्याथला कसं मारलं वगैरे, पण त्याची सुरुवात एका घरातल्या जेवणाच्या पंगतीत रडणाऱ्या बाईनं होते.

एफ्राइमच्या डोंगराळ भागात एलकाना नावाचा माणूस राहायचा, त्याला दोन बायका, हन्ना आणि पनिन्ना. पनिन्नेला मुलंबाळं होती, हन्नेला मूल नव्हतं. दरवर्षी हे सगळं कुटुंब शिलो या गावी देवाला बळी अर्पण करायला जायचं. शिलो म्हणजे तेव्हाचं मोठं देवस्थान, जेरुसलेमचं मंदिर बांधलं जायच्या कितीतरी आधीचं, त्याचे अवशेष आज जेरुसलेमच्या उत्तरेला वेस्ट बँकमध्ये बघायला मिळतात. तिथे बळीच्या मांसाचे वाटे व्हायचे, पनिन्नेला आणि तिच्या एकेका मुलाला एकेक वाटा, आणि हन्नेवर एलकानाचा जीव म्हणून तिला खास वाटा. आता तुम्हीच विचार करा, भरल्या पंगतीत सवतीच्या पुढे तिच्या पोरांचे वाटे रांगेत मांडलेत आणि आपल्या पुढे एकच, कितीही मोठा असला तरी एकच. त्यात पनिन्ना मुद्दाम टोचून बोलायची. हे एकदा नाही, दरवर्षी व्हायचं, हन्ना रडायची आणि जेवायची नाही.

नवरा तिला म्हणतो, का रडतेस, का जेवत नाहीस, मी तुला दहा मुलांहून जास्त नाही का? यावर हन्ना काय म्हणाली ते लिहिलेलंच नाही. मूळ मजकुरात त्याच्या प्रश्नानंतर सरळ येतं ते "हन्ना उठली". मला ही जागा फार आवडते. एलकाना वाईट माणूस नाहीये, प्रेम करतो तिच्यावर, पण त्याच्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नाही, म्हणून ती उठते आणि जिथे उत्तर मिळेल तिथे जाते.

मंदिराच्या दाराशी एली नावाचा म्हातारा याजक बसलेला. हन्ना तिथे उभी राहून रडत रडत नवस बोलते, की देवा, माझ्याकडे बघ, मला मुलगा दे, मी तो जन्मभरासाठी तुलाच देईन, त्याच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही. (केस न कापणं ही तेव्हा देवाला वाहिलेल्या माणसाची खूण होती.) हे सगळं ती मनात बोलत होती, ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. एलीला ही पद्धत माहिती नसावी, त्याला वाटलं बाई प्यायलेली आहे, आणि तो तिला फटकारतो, किती वेळ अशी नशेत राहणार आहेस, दारू सोड.

अशा वेळी बहुतेक माणसं मान खाली घालून निघून गेली असती. हन्ना उत्तर देते. आदरानं बोलते पण बोलते, नाही महाराज, मी दुःखी बाई आहे, मी द्राक्षारस किंवा मद्य काही घेतलेलं नाही, मी देवापुढे माझा जीव ओतत होते, मला वाईट चालीची बाई समजू नका. इथे 'वाईट चालीची' यासाठी मूळ हिब्रूत 'बत बलियाल' असे शब्द आहेत, आणि पुढच्याच अध्यायात खुद्द एलीच्या दोन मुलांचं वर्णन करताना 'बने बलियाल' असे तेच शब्द वापरलेत, कारण ते देवस्थानात येणाऱ्या लोकांचे बळी ओरबाडून खायचे. म्हणजे ज्या बाईला बापानं नालायक समजलं ती नव्हती, ज्यांना समजायला पाहिजे होतं ती त्याचीच पोरं होती, आणि लिहिणाऱ्यानं हे एका शब्दानं दाखवून दिलंय.

एलीला चूक कळते, तो म्हणतो शांतीनं जा, देव तुझं मागणं पुरं करो. आणि त्यावर हन्ना म्हणते, तुमच्या दासीला तुमच्या दृष्टीत 'हेन' मिळो. तोच शब्द, तिच्या नावातला. मग ती जाते, जेवते, आणि तिचा चेहरा पुन्हा उतरलेला राहिला नाही असं लिहिलंय. मूल अजून व्हायचंय, दिवसही गेलेले नाहीत, तरी ती जेवते.

मुलगा होतो, त्याचं नाव शमुवेल, इंग्रजीत सॅम्युअल. दूध तुटेपर्यंत ती त्याला घरी ठेवते, एलकाना वार्षिक बळीला निघतो तेव्हा ती म्हणते आत्ता मी येणार नाही, त्याचं दूध तुटलं की मगच त्याला घेऊन येईन. मग खरंच नेते आणि शिलोला एलीजवळ सोडून येते. त्यानंतर दरवर्षी ती त्याच्यासाठी एक छोटासा झगा शिवून नेते, मुलगा वाढतोय तसा दरवर्षी नवा. एवढ्या जुन्या मजकुरात हा झग्याचा तपशील कुणीतरी आठवणीनं ठेवलाय, त्याच्याशिवायही गोष्ट पुढे गेली असती, पण ठेवलाय. पुढे हन्नेला आणखी तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या. शमुवेल मोठा होऊन संदेष्टा झाला आणि त्यानंच शौलाला आणि नंतर दाविदाला तेल ओतून राजा म्हणून नेमलं.

मुलाला सोडून येताना हन्ना एक गीत म्हणते, तेही अंगावर काटा आणणारं आहे. त्यात बाळाचं कौतुक जवळजवळ नाहीच, त्यात आहे ते असं की बलवानांची धनुष्यं मोडतात, पोटभर खाणारे भाकरीसाठी मजुरीला जातात, वांझेला सात मुलं होतात, देव गरिबाला धुळीतून उचलून सरदारांच्या शेजारी बसवतो. नव्या करारात येशूची आई मरिया जे स्तोत्र म्हणते ते याच गीताच्या वळणावर जातं, दोन्ही शेजारी ठेवून वाचली की लगेच लक्षात येतं.

ज्यू परंपरेनं या बाईला जो मान दिला तो एखाद्या गोष्टीतल्या आईचा नाही, गुरूचा आहे. तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मशास्त्रावरच्या चर्चांचा जो प्रचंड ग्रंथ आहे त्यात, राव हमनुना नावाचे विद्वान म्हणतात की हन्नेच्या या काही ओळींतून किती मोठे नियम शिकायला मिळतात. मन लावून प्रार्थना करायची, शब्द ओठांनी उच्चारायचे, पण आवाज चढवायचा नाही, आणि नशेत प्रार्थना करायची नाही. आजही ज्यू लोक दिवसातून तीनदा उभं राहून जी मुख्य प्रार्थना म्हणतात, ओठ हलवत, स्वतःपुरत्या आवाजात, ती हन्नेच्या पद्धतीनं. ज्या पद्धतीला बघून याजकाला ही प्यायलीय असं वाटलं तीच पुढे सगळ्यांची पद्धत झाली! तालमूदमध्ये सात संदेष्ट्या बायका मोजल्यात, सारा, मिर्याम, दबोरा, हन्ना, अबीगईल, हुल्दा आणि एस्तेर, त्यातही ती आहे. आणि ज्यू नववर्षाच्या, रोश हशानाच्या, पहिल्या दिवशी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, तिची गोष्ट गीतासकट वाचली जाते.

अजून एक गंमत म्हणजे ज्यू बायकांनी पाळायच्या ज्या तीन खास गोष्टी परंपरेत सांगितल्यात, पिठाच्या गोळ्यातला भाग देवासाठी बाजूला काढणं, पाळीसंबंधीचे नियम, आणि शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावणं, त्यांच्या हिब्रू नावांची पहिली अक्षरं घेतली की हेत-नून-हे, म्हणजे हन्ना, असा शब्द होतो. अर्थात नाव आधीचं, हे जुळवणं नंतरचं. सात मुलांची आई म्हणून ओळखली जाणारीही एक हन्ना आहे, ग्रीक राजाच्या छळात एकेक करून सातही मुलगे डोळ्यांदेखत गेले तरी धर्म सोडला नाही ती. मूळ ग्रंथात त्या आईला नाव नाही, नंतरच्या परंपरेनं तिला हन्ना म्हटलं, बहुधा गीतातल्या त्या "वांझेला सात मुलं" या ओळीवरून.

मग या नावातला ह गेला कुठे? तर ग्रीकमध्ये. ख्रिस्ताच्या दोन-तीनशे वर्षं आधीपासून हिब्रू ग्रंथांचं ग्रीक भाषांतर सुरू झालं, ग्रीकला हेतचा घशातला आवाज झेपत नव्हता, म्हणून हन्नाची आना झाली. लॅटिनमध्येही आना. त्यामुळे युरोपात शेकडो वर्षं हे नाव ह शिवायच चाललं, आना, अ‍ॅन, आन्या, अनिता, आनेत. आज यातल्या कित्येक नावांच्या मुलींना आपलं नाव मूळ हिब्रू आहे याची कल्पनाही नसते.

आणि फक्त नावच नाही, गोष्टही बरोबर गेली. येशूची आजी, म्हणजे मरियेची आई कोण, हे बायबलमध्ये कुठेच सांगितलेलं नाही. पण दुसऱ्या शतकात लिहिल्या गेलेल्या, बायबलबाहेरच्या एका ग्रंथात तिचं नाव येतं, आना, नवरा योआकीम, म्हातारपणापर्यंत मूल नाही, लोक टोमणे मारतात, ती बागेत बसून रडते आणि बोलते की मुलगा होवो की मुलगी, मी ते देवाला वाहीन. हे शमुवेलाच्या आईवरूनच बेतलेलं आहे हे सांगायला कुणी विद्वान नको. इस्लामी परंपरेतही हे येतं, कुराणात इम्रानची बायको पोटातलं मूल देवाला वाहते आणि मग मुलगी होते, मर्यम. कुराणात तिचं नाव नाही, पण मुस्लिम परंपरा तिला हन्ना म्हणते. म्हणजे ज्यू, ख्रिश्चन, मुस्लिम, तिघांकडेही नवसानं मूल मागणारी आणि ते देवाला देणारी आई, आणि तिघांकडेही नाव तेच.

ही संत आना मध्ययुगात युरोपभर इतकी लाडकी झाली की विचारू नका. बाळंतिणी तिचा धावा करायच्या, खाणकामगारही तिला आपली संत मानायचे. १५०५ च्या जुलैमध्ये एक तरुण विद्यार्थी वादळात सापडला, जवळच वीज पडली, आणि तो घाबरून ओरडला, संत आना, मला वाचव, मी संन्यासी होईन. तो मार्टिन लूथर, खाणीच्या धंद्यातल्या माणसाचा मुलगा. तो खरंच मठात गेला आणि पुढे त्यानंच चर्चमधली संतांची पूजा मोडीत काढणारी सुधारणा सुरू केली.

याच संत आनेला पोर्तुगीजांनी गोव्यात आणलं. जुन्या गोव्यापासून जवळ तिसवाडीतल्या तळावलीला तिचं चर्च आहे, सांतान म्हणतात, १६८१ ते १६९५ या काळात बांधलेलं, पांढरंशुभ्र, उंच मनोऱ्यांचं, आणि गोव्यातल्या सुंदर चर्चपैकी एक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. तिथलं फेस्त जुलैच्या शेवटी असतं, कारण संत आनेचा दिवस २६ जुलै. लोक त्याला तवशाचं फेस्त म्हणतात. तवसं म्हणजे आपल्या कोकणातलं तेच, पावसाळ्यातली मोठी काकडी. नवी लग्न झालेली, मूल हवं असलेली जोडपी तवसं घेऊन येतात, आनेच्या मूर्तीपुढे ठेवतात आणि बाळ मागतात. याला पोर्तुगीज यमकाचा आधार आहे, काकडी म्हणजे 'पेपीनु' आणि मुलगा म्हणजे 'मेनीनु', तवसं घे, बाळ दे. बायको हवी असलेला मुलगा चमचा आणतो, कारण चमचा 'कुल्येर' आणि बायको 'मुल्येर'. ज्यांना नवरा हवा त्या मुली उडीद आणतात, कारण उडदाशी 'मारीदु', म्हणजे नवरा, जुळतं, आणि इथे तर कोकणी आणि पोर्तुगीज यांचंच यमक जुळवलंय.

मला हे सगळं अतिशय सुंदर वाटतं. भर पावसात, हातात तवसं घेऊन एक गोंयकार बाई जिच्यापुढे उभी राहते तिचं नाव आणि तिची कथा शिलोच्या दारात ओठ हलवणाऱ्या त्या बाईकडून आलीय, एक रेघ सरळ काढता येते. आणि त्याच्या महिनाभर आधी, २४ जूनला, गोव्यात सांजांव असतो, विहिरीत उड्या मारायचा, नवीन जावयाचं कौतुक करायचा सण, तो संत जुआंवचा. जुआंव म्हणजे योहानान, म्हणजे परत ह-न-न. गोव्याचे पावसातले दोन मोठे सण, आणि दोन्ही एकाच हिब्रू धातूतल्या नावांचे.

इकडे इंग्लंडात काय झालं, तर तिथे अ‍ॅन होतीच, राणीपासून मोलकरणीपर्यंत. पण सोळाव्या शतकात बायबल मूळ हिब्रूवरून इंग्रजीत यायला लागलं आणि शमुवेलाची आई परत ह लावून हन्ना म्हणून छापली गेली. प्युरिटन मंडळींना, म्हणजे इंग्लंडातल्या कडव्या प्रोटेस्टंट ख्रिश्चनांना, संतांची नावं नको होती, जुन्या करारातली हवी होती, म्हणून त्यांनी मुलींना हन्ना ठेवायला सुरुवात केली आणि ते नाव घेऊन ती अमेरिकेतही गेली. त्यामुळे इंग्रजीत एकाच नावाची दोन वेगळी नावं झाली, अ‍ॅन आणि हॅना. एकोणिसाव्या शतकानंतर हॅना जरा जुनाट, आजीच्या काळातलं वाटायला लागलं होतं, मग एकदम परत आलं, अमेरिकेत १९९८ ते २००० या सलग वर्षांत नवजात मुलींमध्ये ते दुसऱ्या नंबरवर होतं. रोमन लिपीत उलटं वाचलं तरी तेच राहतं याचाही काही आईबापांना मोह पडत असणार.

विसाव्या शतकातल्या तीन-चार हन्ना मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पहिली हाना सेनेश. १९२१ मध्ये बुडापेस्टला जन्म, घरचं नाव अनिको, म्हणजे हंगेरीतलं आनाचं लाडाचं रूप. १९३९ मध्ये ती तेव्हाच्या पॅलेस्टाईनला गेली आणि तिथे हाना झाली, युरोपनं काढून घेतलेला ह तिनं परत लावला. तिथे शेती शिकली, कविता लिहिल्या. १९४४ च्या मार्चमध्ये ब्रिटिश सैन्यातर्फे पॅराशूटनं युगोस्लाव्हियात उतरली, तिथून हंगेरीत शिरताना पकडली गेली, छळ झाला तरी तोंड उघडलं नाही, आणि ७ नोव्हेंबर १९४४ ला तिला गोळ्या घातल्या. तेवीस वर्षांची होती.

दुसरी हाना आरेन्ट, जन्मनाव योहाना, नाझी जर्मनीतून निसटून फ्रान्समार्गे अमेरिकेत गेलेली, हुकूमशाही कशी उभी राहते आणि साधी दिसणारी माणसं त्यात भयंकर कामं कशी करतात यावर तिनं जे लिहिलं ते आजही वाचावं लागतं.

आणि मग अ‍ॅन फ्रँक. तिची डायरी मराठीत कित्येकांनी वाचलीय, पण तिची जी एक लहानपणची मैत्रीण होती, हाना गोस्लर, तिला सगळे हानेली म्हणायचे, त्या दोघींची नावं मुळात एकच आहेत हे चटकन लक्षात येत नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये शेजारी राहायच्या, एका शाळेत जायच्या. १९४५ च्या सुरुवातीला दोघीही बेर्गन-बेल्सनच्या छळछावणीत, पण वेगळ्या विभागांत, मध्ये गवत कोंबलेलं काटेरी कुंपण. रात्री अंधारात कुंपणापाशी येऊन दोघी बोलल्या, दिसत नव्हत्या, फक्त आवाज. अ‍ॅन म्हणाली आता माझं कुणीच राहिलं नाही, तिला वाटत होतं वडीलही गेले. हानेलीनं खाण्याचं थोडं काय मिळालं ते बांधून कुंपणावरून टाकलं, ते दुसऱ्याच एका बाईनं झेललं आणि पळवलं, अ‍ॅन रडायला लागली, मग परत एका रात्री टाकलं ते तिला मिळालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत अ‍ॅन गेली. हाना जगली, जेरुसलेमला जाऊन नर्स झाली, मुलं-नातवंडं-पतवंडं बघितली आणि २०२२ मध्ये वारली. वडील जिवंत आहेत हे अ‍ॅनला कळलं असतं तर तिला जगायचं बळ आलं असतं, असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली.

आपल्या देशातही एक हन्ना सेन होऊन गेल्या, १८९४ ते १९५७. जन्म कलकत्त्याचा, आई बगदादी ज्यू, वडील बंगाली. दिल्लीचं लेडी अर्विन कॉलेज १९३२ मध्ये सुरू झालं त्याच्या त्या पहिल्या प्रमुख, मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्यभर काम केलं, अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षही झाल्या. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणाला माहिती नसतं, ते असायला हवं.

आणि महाराष्ट्रातला धागा म्हणजे आपले बेने इस्रायल, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, दिवेकर, पेणकर, केहिमकर अशा गावावरून आडनावं असलेले. त्यांच्यात हन्नेच्या मुलाचं नाव, शमुवेल, फार चालायचं, आणि त्याचं मराठी वळणाचं रूप सामाजी. अठराव्या शतकात सामाजी हसाजी दिवेकर म्हणजेच सॅम्युअल इझिकेल दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते, टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले, आणि सुखरूप सुटलो तर सिनेगॉग बांधीन असं ते बोलले होते असं सांगतात. १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत ते बांधलं, शहरातलं पहिलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणायचे, मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं मानतात, आणि बाजूच्या रस्त्याला सॅम्युअल स्ट्रीट. नवसानं झालेल्या मुलाचं नाव असलेल्या माणसानं नवसानं बांधलेलं देऊळ, आणि आपण रोज लोकलमधून तिथून जातो.

हे नाव मुलीला ठेवायचं असेल तर एक-दोन कामाच्या गोष्टी. मराठी बायबलमध्ये 'हन्ना' असं लिहितात, इंग्रजी शाळेत 'हॅना' म्हणतील, इस्रायली माणूस 'खाना'च्या जवळपास काहीतरी म्हणेल, तिन्ही बरोबर. पण जन्मदाखल्यावर देवनागरीत आणि रोमनमध्ये काय लिहायचं ते आधी ठरवा, शेवटचा एच ठेवणार की नाही तेही, कारण ते एकदा दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं झालं की पुढे पासपोर्टला डोक्याला ताप. ख्रिश्चन घरात आना, अ‍ॅना, अ‍ॅनी यातलं काहीही ठेवलं तरी नाव हेच. आणि घरात हाक मारायला काहीतरी छोटं हवं असेल तर वर आलेलं हानेली आहे, हंगेरीचं अनिको आहे, रशियात आनाला लाडानं आन्या म्हणतात आणि अजून लाडात आलं की अन्नुश्का.